मधली रास

मॉल्ट ब्लायननान्तच्या शेतघरी कामाला आली तेव्हा तेरा वर्षांची होती. अनाथालयातून आणलेल्या या मुलीचे हात म्हातारीने दारातच उलटेसुलटे करून पाहिले, बोटं दाबून पाहिली आणि आत मुलाला ओरडून सांगितलं, "ठेवून घेऊ या रे. तोंडाच्या मानाने हात मोठे आहेत. खाईल कमी, उचलेल जास्त."

तो मुलगा म्हणजे इथेल. तेव्हाच बत्तीस वर्षांचा. आईपुढे मान खाली आणि गोठ्यात गेला की हातात चामडी पट्टा, असा गडी.

सहा वर्षांनी म्हातारी गेली. त्यानंतर महिन्याभरात, मॉल्ट लोणी काढत असताना, इथेल दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "तू नुसती मोलकरीण म्हणून राहिलीस तर लोक बोलतील. दुसरी आणायची म्हणजे तिला पहिल्यापासून शिकवत बसा. येत्या शनिवारी चॅपलमध्ये उभे राहू."

मॉल्ट "बरं" म्हणाली. लग्नाने फरक पडला तो एवढाच, की तिची गादी माळ्यावरून खाली आली. त्याला 'मालक' म्हणायची सवय मोडायला तिला वर्ष लागलं. 'तुम्ही' तर शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्या घरात तिचं स्वतःचं असं एकच होतं, फ्लॉस नावाची कुत्री. ती तिला एलिनेदने पिल्लू असताना दिली होती. एलिनेद म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला राहणाऱ्या टिनरोसच्या शेतघरची मुलगी, तिथल्या मादोग नावाच्या मुलाची धाकटी बहीण. मॉल्टपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण डोंगर तिच्या पायांत होता. मॉल्टला मॉइल दाखवला तो तिने.

मॉइल खालून पाहिला तर साधा, गोल डोक्याचा डोंगर. वर गेलं की कळतं, त्याला डोकं असं नाहीच. मैलभर लांब सपाट माथा, गवत आणि दगड, झाड औषधालाही नाही. दक्षिणेच्या टोकाला सगळ्यांत उंच जागी दगडांची थोरली रास. तिथून उत्तरेकडे तीनशे दहा पावलांवर मधली रास, छातीएवढी. मधल्या राशीपासून नाकासमोर ऐंशी पावलं गेलं की पायाखालची जमीन हळूच उतरायला लागते. ती सोंड, खाली यायची एकच धड वाट. पूर्वेला कडा, त्याच्या तळाशी काळं तळं. पश्चिमेला दलदल. जळणासाठी जी काळी माती कापून आणतात तिचे माणूसभर उंचीचे बांध आणि मधून मऊ, तळ नसलेल्या चरी. उघडीप असेल तर हे सगळं लहान पोरालाही दिसतं. धुकं आलं की स्वतःची काठी दिसत नाही.

"पावलं मोजायची," एलिनेद सांगायची. "आणि मोजून रास नाही सापडली, तर रास चुकली असं नाही म्हणायचं. पाय चुकले म्हणायचं. आजूबाजूला फिरायचं, दगड हाताला लागेपर्यंत. मग तिथून पुढे. कळलं का गं, ढवळे?"

मॉल्टचे केस पांढुरके होते म्हणून ढवळी. तिला त्या नावाने हाक मारणारी ती एकटीच होती.

एलिनेद पुढे लिव्हरपूलला एका घरी कामाला गेली. ती गेल्याच्या तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, मादोगचा म्हातारा बाप वारला.

त्याच्या दफनाच्या दिवशी सकाळी इथेलने गाय अडल्याचा निरोप चॅपलमध्ये धाडला. गाय कसली अडली होती? ती मजेत रवंथ करत होती. इथेलने मॉल्टला एक पोतं आणि फावडं दिलं. "चल वर."

माथ्यावर पोचल्यावर तो मधल्या राशीपाशी थांबला. या दोन राशींना जोडणारी रेघ म्हणजे दोन घरांच्या चराईची हद्द, हे अख्ख्या खोऱ्याला तोंडपाठ. पश्चिमेकडचं ब्लायननान्तचं, पूर्वेकडचं टिनरोसचं. आणि राशीच्या पूर्वेला वीस पावलांवर माथ्यावरचा एकुलता एक झरा.

"ही रास चाळीस पावलं तिकडे न्यायची," इथेल म्हणाला.

मॉल्टला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"झरा आपल्यात येतो. बरोबर हद्द कुठली हे शपथेवर सांगणारा एकच माणूस होता. त्याला आत्ता खाली पुरतायत. उचल."

खालून दफनाची गाणी वाऱ्यावर येत होती. चार-चार आवाजांत गाणारं खोरं आमचं, चॅपलमधलं गाणं माथ्यापर्यंत पोचतं. त्या गाण्यावर मॉल्टने दगड वाहिले. लहान पोत्यातून, मोठे पोटाशी धरून. दुपार कलली तेव्हा नवी रास उभी होती. जुन्या जागी गवत नव्हतं, नुसती पांढुरकी ओली माती आणि वळवळणारे किडे. इथेलने दलदलीकडून गवताचे तुकडे कापून आणले आणि त्यावर असे बसवले, की महिन्याभरात देवालाही शिवण सापडू नये.

मादोगला पहिल्याच उघडिपीत ते दिसलं. तो तडक ब्लायननान्तच्या अंगणात आला.

"माझा बाप मातीत जातोय आणि तू दगड चोरतोस?"

"कुठले दगड?" इथेल खुराला नाल ठोकतच राहिला. "रास आहे तिथंच आहे. बाप गेल्यापासून तुला सरळ दिसत नाहीये, मादोग. होतं असं."

जूनमध्ये जमीनमालकाचा कारभारी घोड्यावर बसून निवाडा करायला आला. त्याने तेगिद नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं. तेगिद इथेलच्या खोपटात राहत होता. तो म्हणाला, "साहेब, माझी पाठ वाकलेली. मी आपला खाली बघून चालतो. रास कुठं आणि आभाळ कुठं, मला काय ठाऊक?" मग कारभाऱ्याने मॉल्टकडे पाहिलं. "बाई, तुम्ही रोज वर येता. ही रास इथंच होती?"

मॉल्टने राशीवर हात ठेवला. इथेल तिच्याकडे बघतही नव्हता. त्याला गरजच वाटली नव्हती.

"इथंच होती," ती म्हणाली.

मादोग तिच्या पायापाशी थुंकला आणि निघून गेला.

सप्टेंबरात सगळ्या डोंगरावरची मेंढरं गोळा करून खाली आणतात. त्या कामाला दोन्ही घरं आणि शेजारची दोन-चार माणसं असा मेळा जमतो, भांडण असो नसो. त्या वर्षी एलिनेद सुटी काढून आली होती. ऑक्टोबरात तिचं लग्न ठरलं होतं. पहाटे मेंढवाड्यापाशी सगळे जमले तेव्हा ती पळत येऊन मॉल्टच्या गळ्यात पडली.

"ढवळे! किती वाळलीस गं! हा तुला जेवायला घालतो की नाही?"

"घालतो की," इथेल मागून म्हणाला. "तुझ्यासारखी शहरात जाऊन फुगायला पाठवत नाही, इतकंच."

सगळे हसले, एलिनेदही हसली. वर ढग उतरायला लागले होते. मॉल्टच्या मनात आलं, हिला रास हलल्याचं कोणी सांगितलं असेल का? सांगितलंच असेल. मादोग सांगितल्याशिवाय राहील? तरी तिने तोंड उघडलं. "एलिनेद, वर गेलीस की..."

इथेलने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"...शाल घे," मॉल्ट म्हणाली. "गारठा आहे."

मादोगने सांगितलं नव्हतं. पत्रात त्याने बापाचं दुखणं लिहिलं होतं, गाय विकल्याचं लिहिलं होतं, पण ब्लायननान्तवाल्यांनी आपल्याला उल्लू बनवलं हे बहिणीला लिहायची त्याला लाज वाटली होती.

धुकं दहा वाजता आलं. दुपारी एलिनेदचा कुत्रा एकटाच मेंढवाड्याशी आला आणि आडवा पडून राहिला. दुसऱ्या दिवशी ती तळ्याच्या वरच्या घसाऱ्यावर सापडली. काय झालं असेल ते खोऱ्यातल्या प्रत्येकाने आपल्या मनाशी जुळवलं. मॉल्टला ते जुळवावं लागलं नाही, तिला ते दिसलंच. एलिनेद तीनशे दहा पावलं मोजते, बरोबर जागेवर उभी राहते. रास नाही. पाय चुकले, ती स्वतःशी म्हणते. फिरते, चाळीस पावलांवर दगड हाताला लागतात, हायसं वाटतं. मग नाकासमोर ऐंशी. जमीन हळूच उतरायला लागते, अगदी सोंडेसारखी. पण ते कड्यातल्या एका घळीचं तोंड आहे. पहिली सात-आठ पावलं गवताची.

दफनाआधी तिला टिनरोसला घरात ठेवलं होतं, तिथे मॉल्ट गेली. एलिनेदची आई ग्लाडिस खुर्चीत ताठ बसली होती. "मोजणं तिला मी शिकवलं," एवढंच ती म्हणाली. मॉल्टला कोणी चहा विचारला नाही.

रास त्यानंतरही हलली नाही, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटायचं नाही. इथेलने ती परत न्यावी तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. आणि मादोग म्हणाला, "कोणी हात लावायचा नाही. राहू दे तिथंच. येणाराजाणारा बघेल ब्लायननान्तची करणी." उपदेशकाने दोघांसाठी प्रार्थना केली. खोऱ्यातली माणसं आपली शहाणी झाली. धुक्यात रास लागली की तिच्यापासून चाळीस पावलं पश्चिमेला सरकायचं आणि मग सोंड धरायची. इथेलही तसंच करायचा. आपणच लावलेला सापळा टाळून चालणाऱ्या माणसासारखा, सहज.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गवताची कापणी लागली. इथेल काय, सगळं खोरंच दिवसभर खाली शेतात. मेंढरं बघायला आणि जळणाची माती आणायला वर जायचं काम मॉल्टकडे. तिने एक दिवस राशीतला एक दगड उचलला आणि जुन्या जागी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सहा. मग रोज पंधरा-वीस. तिची नखं उलटली, पोटावर काळेनिळे वळ उठले. इथेलच्या ते लक्षात यायचं कारण नव्हतं, तो तिच्याकडे उजेडात बघत नसे. फ्लॉस बाजूला बसून असायची. आता ती बहिरी झाली होती, दात गेले होते, पण वर येणं सोडत नव्हती.

मेंढरं गोळा करण्याच्या आदल्या दुपारी शेवटचा दगड बसला. मॉल्टने ठरवलं होतं, रात्री जेवताना इथेलला सांगायचं. मारील तर मारील. उद्या सकाळी सगळ्यांनाच सांगायचं आहे, मग याला आधी.

फ्लॉस त्या दिवशी तिच्याबरोबर गेली नव्हती. सकाळी इथेलने तिला हाक न मारता, मानेला धरून कोठारात नेलं होतं. मॉल्ट उतरून आली तेव्हा कोठाराच्या तुळईला दोरी होती आणि दोरीला कुत्री.

"अहो," ती दारातच थांबली, "हे काय केलंत?"

इथेल विळ्याला धार लावत होता. "बहिरी मेंढपाळ कुत्री म्हणजे पाहुणी. उद्या सहा माणसं जेवायला. एक तोंड कमी केलं." मग मान वर करून, अगदी साध्या आवाजात, "काढून पूर तिला. दोरी परत आण, चांगली आहे."

तिने कुत्री पुरली, दोरी परत आणून खुंटीला लावली. जेवताना ताक-भाकरीचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "आज गप्पशी?" ती म्हणाली, "दमले."

सकाळी ढग मेंढवाड्याच्या भिंतीपर्यंत उतरले होते. मॉल्ट एकेकाजवळ गेली. तेगिदला काठी देताना, शेजारच्या शेतावरच्या दोघा भावांना भाकरी वाटताना, शेवटी मादोगलाही. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"रास जुन्या जागी आहे," ती प्रत्येकाला म्हणाली. "मी नेली. राशीवरून सरळ जा."

मादोगने तिच्या हातांकडे पाहिलं, बोटांकडे. मग अंगणापलीकडे कुत्र्यांना शिव्या घालणाऱ्या इथेलकडे. "त्याला ठाऊक आहे?"

मॉल्टने उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

सहा माणसं निघाली. कोणीतरी काहीतरी बोलेल असं तिला वाटत होतं. वाटत होतं की हवं होतं, हे तिला पुढे कधी ठरवता आलं नाही. तेगिद खाली बघत चालला. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. फाट्यावर, जिथून प्रत्येकाची वाट वेगळी होते, मादोग थांबला आणि वर्षभरात पहिल्यांदा शेजाऱ्याचं नाव घेऊन बोलला.

"जपून जा, इथेल."

"तुझ्यापेक्षा बरी ओळख आहे मला डोंगराची," इथेल म्हणाला आणि धुक्यात शिरला.

अकराच्या सुमारास मॉल्ट सोंडेवर मेंढरं अडवून उभी होती. तेगिद आणि मादोग तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. वरून, दलदलीच्या अंगाने, आवाज आला. लांब, मग तुटका.

"कोणीतरी हाक मारतंय," तेगिद म्हणाला.

"मेंढी आहे," मादोग म्हणाला.

"मादोग, मेंढी नाव घेऊन ओरडत नाही रे."

"मेंढी आहे म्हटलं ना."

आवाज मॉल्टचं नाव घेत होता. बारा वर्षांत इथेलने तिला नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. 'ए', 'अगं', 'कुठं मेलीस'. ती ऐकत उभी राहिली. मेंढरं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत खाली गेली. तेगिद टोपी काढून हातात घेऊन बसला. किती वेळ गेला कोण जाणे. मादोगची मेंढरं मोजून झाली, भावांची आली, आवाज बारीक झाला, मग घोगरा झाला. तो थांबला तेव्हा मात्र मॉल्ट वर निघाली.

"कुठं चाललीस?" मादोगने तिचा दंड धरला.

"सोड."

"एलिनेदने हाका मारल्या असतील तेव्हा कुठं होतीस?"

"इथंच होते," मॉल्ट म्हणाली. "सोड मला."

तो मातीच्या बांधावरून पडला होता. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलेलं आणि कमरेपर्यंत तो काळ्या चिखलात. पावलं मोजून तो बरोबर राशीपाशी आला होता. दगड हाताला लागले तेव्हा त्याला वाटलं, आपण उजवीकडे भरकटलो. म्हणून मोजून चाळीस पावलं डावीकडे सरकला. मॉल्टने पालथं पडून काठीची आकडी त्याच्या काखेत अडकवली आणि तासभर ओढलं. तो बाहेर आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. तिने हाका मारल्यावर तेगिद आला. नंतर दोघे भाऊ आले. मादोग आला नाही.

इथेल जगला. हाडवैद्याने पाय बसवला, पण पाठीचा कणाही दुखावला होता, कंबरेखाली त्याला पुन्हा काही कळलं नाही. नऊ वर्षं तो स्वयंपाकघरातल्या खाटेवर होता. मॉल्ट त्याला धुवायची, कुशीवर वळवायची, ताकात कुस्करलेली भाकरी भरवायची. बाहेरचं सगळंही तीच बघायची आणि इथेलपेक्षा बरं बघायची, हे खोऱ्याला मान्य करावं लागलं. खाट खिडकीशी होती. खिडकीतून मॉइल दिसायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने विचारलं, "रास तू नेलीस?"

"मीच."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते."

त्याने खिडकीकडे मान वळवली. "त्या दिवशी बाकीचे बरे वाचले. माझंच नशीब फुटकं."

मॉल्ट मेणबत्तीसाठी चरबी वितळवत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "नशीब नाही. बाकीच्यांना मी सांगितलं होतं."

"कोणाला?"

"सगळ्यांना. तेगिदला, दोघा भावांना, मादोगला."

"तेगिदलाही?"

"तेगिदलाही."

इथेलचं तोंड उघडंच राहिलं. बायकोने केलं ते तो समजू शकत होता. आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, असा त्याचा हिशेब. पण चाळीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून त्याने चॅपलमध्ये गाणं म्हटलं, ज्यांच्या मेंढ्या धुतल्या, ती चार माणसं त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली होती. दर रविवारी त्यांच्यातलं कोणी ना कोणी येऊन त्याच्या खाटेशी बसायचं, हवापाण्याच्या गोष्टी करायचं. तेगिद तर त्याची दाढी करून द्यायचा.

"खाट फिरव," तो म्हणाला. "भिंतीकडे कर."

तिने फिरवली. त्यानंतर तेगिदचा वस्तरा दिसला की तो किंचाळायचा. मग कोणी येईनासं झालं, आणि घरात त्याच्याशी बोलणारी मॉल्ट एकटीच उरली. तीही फारसं बोलायची नाही.

तो गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती डोंगर चढून पलीकडे उतरली आणि टिनरोसचं दार वाजवलं. ग्लाडिस आता फार थकली होती, पण खुर्चीत तशीच ताठ बसायची.

"काय पाहिजे?" ती म्हणाली.

"ग्लाडिसबाई, सकाळी मेंढवाड्यात मला बोलता आलं असतं. त्या दिवशी. एलिनेद समोर होती."

"ठाऊक आहे मला."

"मी बोलले नाही."

"बोलली नाहीस. आणि पुढच्या वर्षी त्याच्यासाठीही बोलली नाहीस." म्हातारीने पायांवरची शाल सारखी केली. "दुसऱ्या वेळचं ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. नऊ वर्षं झाली, अजून बरं वाटतं. तू त्याला ओढून काढलंस हे कळलं तेव्हा मी रडले. म्हणून मला तुझं तोंड बघवत नाही, पोरी. तुझ्याकडे बघितलं की मी काय आहे ते मला दिसतं. जा आता."

मॉल्ट उभी राहिली. आत चुलीपाशी मादोगची बायको काउलचा रस्सा ढवळत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. दार ओढून घेऊन मॉल्ट बाहेर आली. दूध काढायची वेळ होऊन गेली होती आणि घरी गाय ओरडत असणार होती, म्हणून तिने जवळची, माथ्यावरून जाणारी वाट धरली.